मुकपोची रिकामी पाठ

इशे पालदानच्या घोड्यांत सगळ्यांत पुढं चालतो तो मुकपो, आणि मुकपोच्या पाठीवर कधीच काही नसतं. मागचे दोघं तंबू, भांडी, रॉकेलचा डबा, बटाट्यांची पोती आणि पाहुण्यांच्या फुगलेल्या पिशव्या घेऊन नाकपुड्या फुलवत चढत असतात. हा तपकिरी, उंच, देखणा घोडा मात्र गळ्यातली घंटा वाजवत पुढं चालतो, लग्नातल्या मानकऱ्यासारखा.

नवीन पाहुणे हमखास विचारतात, हा रिकामा का. इशे पालदान प्रत्येकाला निराळं उत्तर देतो. कुणाला सांगतो, "हा साहेब आहे." कुणाला सांगतो, "याची बदली झालीये, हुकूम यायचाय." एका म्हाताऱ्या जर्मन गृहस्थाला त्यानं सांगितलं, की मागच्या जन्मी हा घोडेवाला होता आणि मी घोडा होतो, आता फिटंफाट चाललीय. त्या गृहस्थानं ते वहीत लिहून घेतलं. खरं उत्तर तो कुणालाच देत नाही. ते मला माहीत आहे, कारण ज्या बाईसाठी तो घोडा रिकामा चालतो, ती माझी सख्खी थोरली बहीण होती.

माझं नाव यांगडोल. मारपो ला ही खिंड चढायच्या आधी जे मोठं पठार लागतं, तिथं जून ते सप्टेंबर माझा चहाचा तंबू असतो. सैन्याच्या टाकून दिलेल्या पॅराशूटचा आहे, दोन ठिकाणी मी स्वतः ठिगळ लावलंय. खाली आमचं गाव फुलुंग, चार तासांची उतरण, मध्ये सात वेळा ओढा ओलांडावा लागतो. गावापर्यंत आता जीप येते. गावाच्या वर जे काही जायचं असतं ते घोड्याच्या पाठीवरून, नाहीतर आमच्यासारख्या बायकांच्या.

इशे पालदान माझ्या बहिणीचा नवरा. पण एकाच गावचा, शेजारच्या घरातला, त्यामुळं लहानपणापासून मी त्याला आचो, म्हणजे दादा, असंच म्हणत आले आणि तो मला नोमो, म्हणजे धाकटी बहीण. वय आता साठीला टेकलंय. बुटका, पाय किंचित फेंगडे, चेहरा उन्हानं इतका भाजलेला की हसला तरच कळतं दात कुठं आहेत. चाळीस वर्षं तो लोकांना या डोंगरांतून नेतोय, पण स्वतः कधी घोड्यावर बसलेला मी पाहिला नाही. मुक्कामाला पोचला की आधी घोड्यांची खोगिरं उतरवणार, प्रत्येकाच्या पाठीवरून तळहात फिरवून कुठं सोललंय का बघणार, मग चहा. माझ्या तंबूत उकळता, लोणी-मीठ घातलेला गुरगुर चहा तयार असला तरी तो बाहेर घोड्याच्या पाठीशी बोलत उभा. मी ओरडते, "आचो, त्यांना नंतर विचार, चहावरचं लोणी गोठतंय." तो म्हणतो, "आलो." आणि येत नाही.

वाटेत मणींची, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांची, भिंत आली की ती उजव्या हाताला ठेवूनच जायचं हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण गारा पडत असल्या आणि डावीकडची वाट वाहून गेलेली असली की सगळेच डोळेझाक करतात. इशे पालदान करत नाही. तो गारांत, ओझ्याच्या घोड्यांना घेऊन वर चढून, भिंतीला पूर्ण वळसा घालून येतो. मागून पाहुणे कुरकुरत येतात. गावात म्हणतात, इशे पालदानला सरळ वाट दाखवली तर तो आधी विचारेल, हिला वळण कुठाय.

असा माणूस. आणि मी त्याच्यावर चार वर्षं दात धरून होते.

माझी बहीण कुंझेस आयुष्यभर वाहत होती. वसंतात शेणखताच्या पाट्या, उन्हाळ्यात पाणी, पानगळीत गवताचे भारे, एवढे मोठे की मागून बघणाऱ्याला वाटावं गवतच चालत चाललंय. इशे पालदानची आई अंथरुणाला खिळली तेव्हा गोम्पातल्या, म्हणजे मठातल्या, उत्सवाला तिलाही पाठीवर घेऊन गेली. तो उन्हाळाभर पाहुण्यांबरोबर खिंडीच्या पलीकडं. घर, शेत, गुरं, म्हातारी, सगळं हिच्या अंगावर. मी तिला म्हणायचे, "तुझा नवरा घोड्यांची पाठ बघतो, कधी तुझी बघितली का?" ती हसायची. म्हणायची, "माझ्यावर खोगीर कुठाय सोलायला?"

चार वर्षांमागं मे महिन्यात ती आजारी पडली. लेहला नेली, तिथं तीन आठवडे ठेवलं, मग डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. त्याचा अर्थ आम्हाला कळला. तेव्हा इशे पालदाननं मुकपोला सोडलं.

घरात कुणी अत्यवस्थ असलं की आमच्यात एक जीव सोडतात. एखादं जनावर सुरीपासून किंवा ओझ्यापासून कायमचं मोकळं करायचं. लामा येऊन पोथी वाचतात, जनावराच्या कपाळाला लोणी लावतात, कानात रंगीत फीत ओवतात. त्या दिवसापासून त्याला विकायचं नाही, मारायचं नाही, त्याच्यावर काही लादायचं नाही. ज्याच्या नावानं सोडलं, पुण्य त्याचं. लोक बहुतेक म्हातारी शेळी सोडतात. इशे पालदाननं आपला सगळ्यांत चांगला, आठ वर्षांचा, पुढं चालणारा घोडा सोडला. गाव त्याला समजावायला आलं. कुणी म्हणालं, "अरे, शेळी सोड. नियम तोच, पुण्य तेच." तो म्हणाला, "जिला कुणी विकत घेत नाही तिला सोडलं, यात मी काय दिलं?"

पण मुकपोला मोकळं राहणं जमेना. बाकीचे घोडे निघाले की हा कुंपण ओलांडून त्यांच्या पुढं जाऊन उभा राहायचा. शेवटी इशे पालदाननं त्याच्या गळ्यात पुन्हा घंटा बांधली. घंटा ओझं नव्हे, असं लामांना विचारून घेतलं होतं.

ऑगस्टमध्ये एका गटाबरोबर तो खिंडीपलीकडं गेला. बारा दिवसांची फेरी. मी म्हटलं होतं, जाऊ नकोस. तो गेला. आठव्या दिवशी कुंझेस गेली.

पलीकडं तेव्हा फोन नव्हता, निरोप कसा धाडणार. आमच्यात गेलेल्या माणसाला घरचे हात लावत नाहीत, कुळाचा एकच देव मानणारी घरं येऊन सगळं करतात. त्यांनी केलं. लामांनी चौथा दिवस काढून दिला, त्या दिवशी दहन झालं. इशे पालदान पाचव्या दिवशी आला. घोडे बांधले, त्यांच्या पाठी बघितल्या, आणि दारात उभा राहिला. मी आतून बाहेर आले. त्याला कुणीतरी ओढ्यावरच सांगितलं असणार, कारण त्यानं ती कुठंय हे विचारलं नाही. डोळ्यांत टिपूस नाही, चेहरा कोरडा ठणठणीत. त्यानं एवढंच विचारलं, "शेवटी काही म्हणाली?"

त्या कोरड्या चेहऱ्याकडं बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "तुझी वाट बघत गेली. दाराकडं डोळे लावून. तीन दिवस तेवढंच विचारत होती, आला का, आला का."

हे खोटं होतं. आमच्याकडं असं सांगणं म्हणजे काय, हे मला पुरतं कळत होतं. जो माणूस कुणाची तरी वाट बघत जातो त्याचं मन उंबऱ्याशी घोटाळतं, त्याला पुढची वाट सापडत नाही. नवऱ्याला हे सांगणं म्हणजे तुझ्यामुळं ती अडकली असं सांगणं. मला त्याला तेवढंच दुखवायचं होतं. त्यानं मान हलवली आणि घोड्यांना गवत टाकायला गेला.

खरं काय झालं ते निराळंच. त्या दिवशी सकाळी कुंझेसनं मला विचारलं, "तो खिंड पार झाला असेल ना?" मी म्हटलं, केव्हाच, आता परतीला लागला असेल. ती म्हणाली, "मग झालं. आता जरा पडते." भिंतीकडं तोंड करून झोपली, आणि दुपारी मी पेज घेऊन गेले तेव्हा गेलेली होती. कुणाची वाट बघत नव्हती. इतकं शांत गेलेलं मी कुणाला पाहिलेलं नाही. तो सुखरूप पार झाला म्हणून तिनं त्याला सोडून दिलं होतं, हे मला त्याच क्षणी समजलं होतं. तरी मी तसं बोलले.

खरं सांगायचं मी पुष्कळदा ठरवलं. एकोणपन्नासाव्या दिवशीची पूजा झाली की सांगू, मग हिवाळा सरला की सांगू, मग म्हटलं आता तो विसरलाही असेल. दर उन्हाळ्यात तो माझ्या तंबूत येऊन चहा प्यायचा, मी त्याला टोमणे मारायची, तो ऐकून घ्यायचा. आमचं तसं बरं चाललं होतं.

गेल्या सप्टेंबरात, दुसऱ्या आठवड्यात, तो शेवटची फेरी घेऊन वर आला. बरोबर एकच पाहुणी, बेल्जियमची वेर्ले. पन्नाशीची, सडसडीत, हसरी. तिसऱ्यांदा आली होती, त्यामुळं जुले म्हणून नमस्कार करायला आणि भाजलेलं सातूचं पीठ चहात कालवून खायला शिकली होती. गाइड म्हणून नुरबू, आमच्याच गावचा तिशीतला गडी, लेहला शिकून आलेला. मला तो आचे, म्हणजे ताई, म्हणतो आणि इशे पालदानला आझांग, म्हणजे मामा. दोन ओझ्याचे घोडे, आणि पुढं रिकामा मुकपो.

संध्याकाळी वेर्ले फार जेवली नाही. मी म्हटलं, "डोकं दुखतंय?" ती म्हणाली, नाही, थोडी दमलेय. नुरबूनं विचारलं, तरी तेच. खिंड उद्यावर आली की पाहुणे असंच करतात, खरं सांगितलं तर खाली नेतील अशी भीती. आम्ही सगळे झोपलो. पहाटे बर्फ पडलं, घोटा बुडेल एवढं.

उजाडता उजाडता नुरबू धावत माझ्या तंबूत आला. "आचे, उठा. बाईचा श्वास घुरघुरतोय."

मी जाऊन बघितलं. ओठ निळे, छातीतून हंड्यात पाणी उकळावं तसा आवाज, थुंकीत गुलाबी फेस. बसवली तर मान पडत होती. नुरबूकडं प्राणवायूचा एक डबा होता, तो अर्ध्या तासात संपला. ढग पठाराला टेकलेले, हेलिकॉप्टरचं नाव काढायची सोय नव्हती. उंचीच्या या दुखण्याला औषध एकच, खाली नेणं, आणि तेही ताबडतोब.

इशे पालदान बाहेरून आला. गुडघ्यापर्यंत ओला. "दोन्ही घोडे निघून गेलेत. वरच्या नाल्यात ठसे दिसतायत. आणायला दुपार होईल."

बर्फ पडलं की चरायला सोडलेले घोडे गवतासाठी कुठल्या कुठं जातात, यात नवीन काही नाही. एकटा मुकपो इशे पालदानच्या तंबूच्या दोरीशी उभा होता, पाठीवर बर्फाचा थर घेऊन.

नुरबू मुकपोकडं बघत म्हणाला, "आझांग, वाईट वाटून घेऊ नका, पण हा आहे ना."

इशे पालदान म्हणाला, "नाही."

"आझांग, दुपारपर्यंत ती राहणार नाही."

"मी घेतो तिला."

त्यानं माझ्या तंबूतला गवत बांधायचा लोकरी दोर उचलला, एक घोंगडी घेतली, आणि वाकून उभा राहिला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आचो, माणूस मोठं का फीत मोठी?" "दोर नीट बांध," एवढंच तो म्हणाला. बायका गवताचा भारा जसा खांद्यांवरून आणि छातीवरून दोर घेऊन बांधतात, तसं आम्ही वेर्लेला त्याच्या पाठीला बांधलं. मी चहाचा थर्मास आणि आणखी एक घोंगडी घेतली, तंबूचं तोंड दगडानं बंद केलं आणि मागून तिचं डोकं सावरत निघाले. मुकपो न सांगता पुढं झाला आणि घंटा वाजवत चालू लागला.

पहिला तास तो तिला घेऊन चालला. साठ वर्षांचा माणूस, बर्फावरून, उतारावर. मधे नुरबूनं घेतली, दोनशे पावलांत त्याच्या तोंडाला फेस आला. तो म्हणाला, "मी नुसती पुस्तकं वाहिलीत हो," आणि त्याही वेळी मला हसू आलं. इशे पालदाननं पुन्हा घेतली. त्याच्या श्वासाचा आवाज आणि तिच्या श्वासाचा आवाज, कुठला कुणाचा ते कळेना.

तिसऱ्या ओढ्यावर दगडांना बर्फाची काच चढलेली. मुकपो वास घेत घेत पार झाला आणि पलीकडं जाऊन थांबला. इशे पालदाननं मधल्या दगडावर पाय ठेवला आणि घसरला. पडताना त्यानं हात टेकले नाहीत, ते मागं तिला धरून होते. सगळा भार एका गुडघ्यावर. मी आणि नुरबूनं दोघांना ओढून काठावर आणलं. त्यानं उठायचा प्रयत्न केला, पाय धरेना. पुन्हा केला, पुन्हा बसला.

वेर्लेचे डोळे अर्धे उघडे होते आणि ती आमच्यातल्या कुणाकडंच बघत नव्हती.

नुरबू रडकुंडीला आला. "आझांग, आता तरी. गोम्पातल्या रिम्पोचेंना विचारलं तर तेही हो म्हणतील. एका माणसाचा जीव आहे."

"हो म्हणतील," इशे पालदान म्हणाला. "मला ठाऊक आहे. माझ्या पुण्याचा प्रश्न असता तर पठारावरच बसवली असती."

"मग कुणाचा प्रश्न आहे?"

तो माझ्याकडं न बघता बोलला. मुकपोकडं बघत होता. "हिची बहीण वाट बघत गेली. दारावर डोळे लावून. मी आलो नाही. अशा माणसाला वाट दिसत नाही, ते तिथंच फिरत राहतं. या घोड्याची पाठ रिकामी आहे तेवढाच तिला उजेड आहे. तो मी कुणाला देऊ?" मग नुरबूला म्हणाला, "मला उभा कर. एका पायावर जाईन."

नुरबूनं माझ्याकडं बघितलं. त्याला काही माहीत नव्हतं, त्याला वाटलं मी बहीण म्हणून परवानगी द्यावी. आणि मला तेव्हा कळलं. चार वर्षं मी याला हट्टी म्हणत होते. भर हिवाळ्यात स्वतः पातळ पेज पिऊन त्या बिनकामाच्या घोड्याला तो जव घालायचा, त्यावरून मी माझ्या तंबूत लोकांना हसवलं होतं. घोडा सोडला तिच्या दुखण्यात, पण या घडीलाही तो रिकामा चालत होता माझ्या एका वाक्यापायी, आणि त्याच वाक्यापायी ही बाई आता इथं ओढ्याकाठी बुडल्यासारखी मरत होती.

मी म्हटलं, "आचो, ती वाट बघत नव्हती."

"उगाच माझं समाधान करू नकोस, नोमो."

"समाधान नाही. तेव्हा खोटं बोलले. तू रडला नाहीस म्हणून मला राग आला, आणि मी खोटं बोलले." मी घोंगडी वेर्लेभोवती आवळली. "तिनं सकाळी विचारलं, तो खिंड पार झाला असेल ना. मी म्हटलं, केव्हाच. ती म्हणाली, मग झालं, आता जरा पडते. आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. दाराकडं बघितलंही नाही. हेच झालं. कुळाच्या देवाची शपथ."

तो माझ्याकडं बघत राहिला. नुरबूही बघत राहिला. मला वाटलं आता तो माझ्या थोबाडीत मारील, आणि मारावी असंही वाटलं.

तो म्हणाला, "जरा पडते म्हणाली?"

"हो."

"झोपताना कमरेला हात लावला?"

मी आठवून बघितलं. कुंझेसची कमर वर्षानुवर्षं दुखायची, आडवी होताना ती डावा हात कमरेवर दाबायची. "हो," मी म्हटलं. "डावा."

तो म्हणाला, "नुरबू, घोडा आण."

त्यानं अंगातला लोकरी गोंचा काढला, घडी केली, आणि मुकपोच्या पाठीवर घातली. घोड्याच्या कानाशी तो काहीतरी पुटपुटला, ते मला ऐकू आलं नाही. मुकपोनं कान मागं केले, चार वर्षांनी पाठीवर काही आल्यावर एकदा अंग शहारलं, आणि उभा राहिला. आम्ही वेर्लेला वर चढवून बांधलं. नुरबूनं दावं धरलं. मी एका बाजूनं तिला धरलं, दुसऱ्या बाजूनं इशे पालदान, काठी टेकत, लंगडत.

उरलेले चार ओढे आम्ही असे उतरलो. वाटेत तो मला सारखा विचारत होता. "काय म्हणाली, परत सांग." मी सांगायची. पन्नास पावलं गेली की पुन्हा, "पार झाला असेल असं म्हणाली, का झाला असेल ना असं?" मी म्हणायची, "असेल ना." "म्हणजे काळजी होती थोडी." "थोडी होती. मग मी सांगितल्यावर गेली." तो मान हलवायचा. त्यानं एकदाही मला का असं केलंस म्हणून विचारलं नाही. ते विचारलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

जसजसं खाली आलो तसतसा वेर्लेचा श्वास मोकळा होत गेला. शेवटच्या ओढ्याजवळ तिनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. मी थर्मासातला चहा तिच्या ओठांना लावला. फुलुंगला जीप उभीच होती. नुरबू तिला घेऊन लेहला गेला. तिथं तिला दवाखान्यात ठेवलं, आणि चार दिवसांनी ती उठून बसली असा निरोप आला, पण तो नंतर.

जीप वळणाआड गेली. मी आणि इशे पालदान रस्त्याच्या कडेला राहिलो. गावातून कुणीतरी त्याचा गुडघा बघायला येतो म्हणालं होतं. त्यानं आधी मुकपोच्या पाठीवरून गोंचा काढला आणि तळहात फिरवून कातडी बघितली. कुठं काही लागलं नव्हतं. मग तो रस्त्याच्या कठड्यावर बसला.

"आचो," मी म्हटलं, "मला जे बोलायचं ते बोल. चार वर्षं झाली. मी ऐकून घेईन."

तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी रडलो नाही, त्याचा तुला राग आला."

"आला."

"रडायचं नसतं ना पण."

आमच्यात म्हणतात, मागं राहिलेले रडले तर गेलेल्याच्या वाटेवर गारा पडतात, त्याला पुढचं दिसत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि सगळे तरीही रडतात. मी रडले, कुळाची माणसं रडली, शेजारणी रडल्या. यानं पाळलं. त्या दिवशी दारात उभा राहून पाळलं, आणि मी जे सांगितलं ते ऐकल्यावर, ती अजून वाटेतच आहे असं धरून, चार वर्षं पाळलं.

"नोमो," तो म्हणाला, "ती केव्हाच पोचली असेल ना मग?"

"केव्हाच पोचली असेल."

"आता रडलो तर तिला काही होणार नाही?"

मी म्हटलं, "नाही, आचो. काही होणार नाही."

मग तो रडला. तोंडावर हात न घेता, मोठ्यानं, चार वर्षांचं. रस्त्यावर खडी टाकणारे दोन मजूर काम थांबवून बघत उभे राहिले. मी त्यांना हातानंच जा म्हटलं आणि त्याच्या शेजारी कठड्यावर बसले.